९० सेंटीमीटरची संगमरवरी व्हीनस १९ किलोंची कशी असेल?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): जिन्याच्या मधल्या चौकात 'व्हीनस द मिलो' आणि बागेत कारंज्याशेजारी 'अपोलो आणि डॅफ्नी', अशा दोन प्रतिकृती घ्यायच्या आहेत. दोन्ही ९० सेंटीमीटर उंच आहेत आणि विक्रेता दोन्हींना 'अस्सल मार्बल' म्हणतो. व्हीनसचं वजन १९ किलो सांगितलंय. डॅफ्नीबद्दल 'अखंड शिळेतून कोरलेली' एवढंच कळलंय. व्हीनसच्या तळाला व्हिनेगरचा थेंब लावून पाहिला, तर बारीक फेस आला. म्हणजे दगड खराच ना? शिवाय घरात अपोलोचा एक जुना संगमरवरी अर्धपुतळा आहे. तो पिवळट दिसत होता म्हणून लिंबाचा अर्क असलेल्या क्लीनरने पुसला. पिवळेपणा तसाच राहिला आणि गालावरची चमक मात्र गेली. आता काय करावं?

सप्रेम नमस्कार.

तो क्लीनर आधी घराबाहेर काढा आणि अर्धपुतळ्याला सध्या काहीही लावू नका. त्याच्याकडे शेवटी सविस्तर येऊ. व्हीनसचे पैसे दिले नसतील तर तेही थांबवा.

प्रतिकृती घेताना बहुतेक जण आधी देव निवडतात, मग माप ठरवतात, आणि ती कशाची बनली आहे हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. हा क्रम उलटा हवा. कोणती आकृती पेलेल, केवढ्या मापात पेलेल आणि ती कुठे टिकेल, हे सगळं पदार्थ ठरवतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

व्हीनसचं उत्तर तर पत्रातल्या आकड्यांतच आहे. ९० सेंटीमीटर उंचीच्या या प्रतिकृतीची रुंदी २८ आणि खोली २५ सेंटीमीटर धरू. तेवढ्या मापाचा एक खोका डोळ्यांपुढे आणा. ९० गुणिले २८ गुणिले २५ म्हणजे ६३,००० घन सेंटीमीटर, अर्थात ६३ लिटर. उभी मानवी आकृती अशा खोक्याचा साधारण तिसरा हिस्सा भरते, आणि कमरेखाली वस्त्राचा घोळ असला की त्याहून जास्त. आपण हात सैल सोडून पाव हिस्साच धरला तरी पावणेसोळा लिटर दगड झाला. संगमरवर लिटरला सुमारे २.७ किलो भरतो, म्हणजे वजन ४२ किलोंच्या पुढे जायला हवं. १९ किलोंत ही मूर्ती भरीव संगमरवराची असूच शकत नाही. संगमरवराची भुकटी कालवलेल्या भरीव रेझिनची धरली तरी ती पंचवीस-तीस किलोंच्या आसपास जाते. तेव्हा ही ओतीव आहे आणि आतून पोकळ आहे.

हा हिशोब कुठल्याही मूर्तीला लावता येतो. फक्त एक लक्षात ठेवा: उंची दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं. ४५ सेंटीमीटरची मूर्ती एका हाताने उचलली म्हणून ९० सेंटीमीटरची दोघांत उचलता येईल, असा अंदाज बांधणाऱ्यांची पाठ धरते.

मग व्हिनेगरला फेस का आला? 'मार्बल' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, म्हणून. एक, खाणीतून काढलेला आणि छिन्नीने किंवा यंत्राने कोरलेला दगड. दोन, संगमरवराची भुकटी पॉलिएस्टर रेझिनमध्ये कालवून साच्यात ओतलेला माल. याला 'कल्चर्ड मार्बल', 'बाँडेड मार्बल' किंवा नुसतं 'मार्बल' म्हणतात. तीन, प्लास्टर, ज्याला 'अलाबास्टर' असं भारदस्त नाव चिकटवलेलं असतं. संगमरवर कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो, आणि व्हिनेगरमधलं आम्ल त्याच्याशी भिडलं की फेस येतो. दुसऱ्या प्रकारात खऱ्या संगमरवराचीच भुकटी असते. तळ घासलेला असेल, भुकटी उघडी पडलेली असेल, तर तिथे फेस येणारच. ही चाचणी दगड आणि भुकटी यांत फरक करत नाही. उलट दगड खरा असेल तर जिथे थेंब पडला तिथली झिलई मात्र जाते. पुन्हा करू नका.

त्याऐवजी या गोष्टी बघा. मूर्ती आडवी करून तळ तपासा. दगडाच्या तळाला करवतीच्या किंवा छिन्नीच्या खुणा असतात. ओतीव मालाच्या तळाला गुळगुळीत बसलेली सपाटी असते, टाचणीच्या टोकाएवढी हवेची भोकं असतात, कधी बुजवलेलं मोठं छिद्र असतं. तळाच्या न घासलेल्या कडेवर दहापट मोठं दाखवणारं भिंग धरून मूर्ती दिव्याखाली थोडी फिरवा. दगडात कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांचे, कण आरशाच्या कपच्यांसारखे आळीपाळीने चमकतात. इटलीतल्या काराराच्या संगमरवरात ते बारीक असतात, ग्रीसमधल्या पॅरोस बेटावरच्या दगडात मोठे. ओतीव मालात अशी चमक सलग दिसत नाही. मग काखेखालून, मांडीच्या बाजूने, मानेच्या कडेने बोट फिरवा. साच्याचे दोन भाग जिथे भेटतात तिथे शिवण असते. ती घासून काढलेली असली तरी केसांच्या बटांमधून जाताना कुठेतरी सापडतेच. शिरांकडेही बघा. दगडातली करडी शीर खांद्यावरून आत जाते आणि पाठीवर दुसऱ्या कोनातून बाहेर येते. रंगाने काढलेली शीर पृष्ठभागावरच वळते आणि मधेच संपते. हाताचा तळवा अर्धा मिनिट टेकवून ठेवला तर दगड गारच राहतो, रेझिन कोमट होतं. अंधाऱ्या खोलीत वस्त्राच्या पातळ कडेमागे टॉर्च धरला की चांगला पांढरा संगमरवर आतून मधाळ उजळतो. या टॉर्चवर मात्र एकट्यावर विसंबू नका, कारण पातळ रेझिनमधूनही उजेड येतो.

गरम सुई टोचून बघण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. रेझिन असेल तर जळकट प्लॅस्टिकचा वास येतो, हे खरं. पण मूर्ती अजून तुमची नाही, आणि वजनकाट्याने जे कळतं त्यासाठी तिला डाग द्यायची गरज नाही.

आता ओतीव मूर्ती वाईट का? अजिबात नाही. ती दगडाच्या नावाने आणि दगडाच्या भावाने विकली जात असेल तर तेवढं वाईट. चेहऱ्याच्या अचूकपणात चांगली ओतीव प्रत स्वस्तात कोरलेल्या दगडाला सहज मागे टाकते, कारण साचा मूळ शिल्पावरून किंवा त्याच्या जुन्या प्लास्टर-प्रतीवरून घेतलेला असू शकतो. बर्लिनच्या सरकारी संग्रहालयांची प्लास्टर-ओतशाळा १८१९ सालापासून हेच काम करते आहे. तुमची जागा घरात आहे, जिन्याचा चौक कोरडा आहे. तिथे चांगल्या साच्यातली १९ किलोंची व्हीनस खुशाल ठेवा, पण विक्रेत्याकडून बिलावर 'संगमरवर भुकटी व रेझिन, ओतीव, पोकळ' असं लिहून घ्या आणि भावही त्या हिशोबाने करा. तो लिहून द्यायला कां-कूं करू लागला तर सौदा तिथेच सोडा.

दगडाचीच हवी असेल तर मात्र कोरीवकाम पारखावं लागेल, आणि व्हीनस द मिलो ही त्यासाठी उत्तम कसोटी आहे. मूळ शिल्प १८२० साली ग्रीसमधल्या मिलोस बेटावर सापडलं, पॅरोसच्या संगमरवराचं आहे, दोन मीटरहून थोडं उंच आहे आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिचा भार उजव्या पायावर आहे, डावा गुडघा पुढे आलाय. त्यामुळे कंबर एकीकडे उचललेली, खांदे दुसरीकडे झुकलेले, आणि छातीपासून बेंबीपर्यंतची मधली रेघ हलक्या वळणाने खाली येते. कच्च्या प्रतींमध्ये दोन्ही नितंब एका पातळीत येतात आणि ती रेघ ओळंब्यासारखी सरळ होते. मग हात नसलेली बाई खांबासारखी उभी राहते. विक्रेत्याकडून बरोबर समोरून, बरोबर पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी, असे चार फोटो मागवा. पाठीचा फोटो सगळ्यात जास्त बोलतो, कारण कारागीर हात आखडता घेतो तो तिथेच.

दुसरी जागा म्हणजे नितंबावर गुंडाळून आलेल्या वस्त्राचा पीळ. तिथे चुण्या एकमेकींच्या खाली शिरतात, काही खोल जातात, काही वरच्यावर विरतात. आज बहुतेक प्रतींची घडण त्रिमितीय स्कॅनवरून चालणाऱ्या यंत्राने होते. यंत्राचं हिऱ्याचं टोक जेवढं जाड, त्याहून अरुंद घळ त्याला कोरता येत नाही. म्हणून यंत्र वरचे एक-दोन मिलिमीटर शिल्लक ठेवतं आणि शेवटचा हात माणसाने फिरवायचा असतो. तो फिरवलेला नसेल तर चुण्यांच्या तळाशी एकसारख्या जाडीच्या समांतर रेघा दिसतात आणि सगळ्या घळी एकाच खोलीच्या वाटतात. डोळ्याची वरची पापणी, कानाची पाळी आणि पायाच्या बोटांमधल्या फटी इथेही हेच बघा. यंत्र वापरलं म्हणून नाक मुरडू नका. दोनशे वर्षांपूर्वी, इटालियन शिल्पकार कानोव्हाच्या काळी, प्लास्टरच्या नमुन्यात धातूचे बारीक खिळे ठोकून, त्यांच्यावरून अंतरं मोजून दगडात उतरवत असत. त्याच्या गावी, इटलीतल्या पोसान्योच्या संग्रहालयातल्या त्याच्या प्लास्टरवर ते खिळे आजही दिसतात. मोजमाप कशाने केलं याला महत्त्व कमी, शेवटचा हात कोणाचा फिरला याला जास्त.

एक गंमतीची आणि उपयोगाची गोष्ट: मूळ व्हीनस अखंड शिळेची नाही. वरचं धड आणि खालचा वस्त्रांचा भाग हे दोन वेगळे दगड, आणि सांधा त्या नितंबावरच्या पिळाच्या जवळ लपवलेला. व्हॅटिकनमधल्या 'लाओकून' या प्राचीन शिल्पाबद्दलही रोमन लेखक प्लिनीने 'एकाच दगडातलं' म्हणून कौतुक केलं होतं. १५०६ साली ते सापडल्यावर निरखून पाहणाऱ्यांना त्यात सांधे दिसले. तेव्हा 'अखंड शिळा' या शब्दांवर जास्तीचे पैसे मोजू नका. सांधा असला तरी चालेल. तो कुठे आहे, आत खुंटी कशाची आहे, एवढं विचारा. खुंटी स्टेनलेस स्टीलची, ३१६ दर्जाची हवी. साध्या लोखंडाची असेल तर ओल लागून गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, आणि आतून फुगून दगड उकलतो. वर्षा-दोन वर्षांनी घोट्याला तपकिरी ओघळ दिसला आणि मग केसासारखी भेग दिसली, तर कारण बहुतेक हेच असतं.

आता डॅफ्नी. इथे आमचं मत स्पष्ट आहे: ९० सेंटीमीटरच्या मापात, दगडात, उघड्यावर, ही मूर्ती घेऊ नका.

इटालियन शिल्पकार बर्निनीने १६२२ ते १६२५ या काळात घडवलेलं मूळ शिल्प रोममध्ये गॅलेरिया बोर्गेसे या संग्रहालयात आहे. अपोलो डॅफ्नीला गाठतो त्याच क्षणी तिची बोटं पानं होऊ लागतात, पायाची बोटं मुळं धरतात, साल मांडीपर्यंत चढत येते. सगळं सौंदर्य त्या पातळपणात आहे. शिल्पाची उंची २४३ सेंटीमीटर. ९० सेंटीमीटरची प्रत म्हणजे प्रत्येक माप ०.३७ पट. मुळात ५ मिलिमीटर जाड असलेलं पान इथे २ मिलिमीटरच्याही खाली जाईल. १५ मिलिमीटरचं बोट साडेपाच मिलिमीटरचं होईल. संगमरवराला दाब झेपतो, वाकवणं झेपत नाही. वाकवण्याविरुद्धची त्याची ताकद दाबाविरुद्धच्या ताकदीच्या जेमतेम आठव्या-दहाव्या हिश्श्याची. माप कमी केलं तरी दगडाचे कण लहान होत नाहीत. दोन मिलिमीटरच्या पानाच्या जाडीत मोजकेच कण उरतात.

म्हणून प्रतिकृती करणारा तीनपैकी एक मार्ग धरतो. पानं जाड करतो, मग हातांना पानांऐवजी बटाटेवड्याएवढे गोळे येतात. किंवा पानांच्या मागचा दगड तसाच ठेवतो, म्हणजे बोटांऐवजी एक झुडपी भिंत दिसते. किंवा बोट आणि बोट यांच्यात दगडाचे छोटे पूल शिल्लक ठेवतो. हा तिसरा मार्ग सगळ्यात प्रामाणिक. प्राचीन रोमन कारागीरही हेच करत. ग्रीकांच्या ब्राँझच्या मूर्ती संगमरवरात उतरवताना पायाशी झाडाचा बुंधा आला तो याच कारणासाठी: ब्राँझ दोन घोट्यांवर उभं राहतं, दगड राहत नाही. व्हॅटिकनच्या अपोलोशेजारी सर्प चढलेला बुंधा आहे, तो शोभेचा दिसला तरी भार तोच घेतो. एखाद्या विक्रेत्याने 'आमच्या प्रतीत तो बोजड बुंधा काढून टाकलाय' असं कौतुकाने सांगितलं, तर समजा की पुढचा घोटा तुमच्या घरी मोडणार.

बाग आणि कारंजं यांनी तर डॅफ्नीचं उरलंसुरलं आयुष्य कमी होईल. कॅल्साइटचा कण तापला की एका दिशेने फुगतो आणि आडव्या दिशेने किंचित आकसतो. शेजारचा कण वेगळ्या दिशेने बसलेला असतो. रोज उन्हात तापायचं, रात्री गार व्हायचं, असं चालू राहिलं की कणाकणांमधली पकड सैल होते आणि पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होऊन बोटाला लागू लागतो. जाड मांडीचा वरचा थर गेला तर लगेच कळतही नाही. पातळ पान मात्र आरपार जातं. पावसातल्या आम्लाने संगमरवराचं जिप्सम होतं. जिथे पाणी वाहतं तिथून ते धुऊन जातं आणि नाक-पापण्या बोथट होतात. जिथे पाणी पोचत नाही तिथे काजळीसकट काळा थर साठतो. कारंज्याचे तुषार सतत लागले तर क्षारांची पांढरी पुटं आणि शेवाळ हे वेगळंच. आणि हाच नमुना रेझिनमध्ये घेतला तर पानं तुटणार नाहीत, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी रेझिन पिवळं पडतं आणि पुढे खडूसारखी पूड सोडतं.

डॅफ्नीवर जीव जडलाच असेल तर तिला आत घ्या: रेझिनमध्ये, किंवा दगडात घ्यायची तर पूल ठेवलेली, भिंतीपाशी, जिथे कोणाचा धक्का लागणार नाही. बागेसाठी मिटलेल्या बाह्याकाराची आकृती निवडा. ओणवी बसलेली व्हीनस, जिच्या अंगाशी हातपाय घट्ट आवळलेले आहेत, ती दगडाला फार मानवते. गदेवर रेललेला फार्नेसे हर्क्युलिसही चांगला, कारण गदा, तिच्यावरचं सिंहाचं कातडं आणि पाय मिळून खाली रुंद ठोकळाच तयार होतो. आणि हात नसलेली तुमची व्हीनस, दगडात घेतली तर, बागेत डॅफ्नीपेक्षा शतपटीने सुखरूप राहील. म्हणजे दोन्ही जागांची अदलाबदल करून बघा.

बागेत बसवताना मूर्ती थेट मातीवर किंवा ओल्या काँक्रीटवर ठेवू नका. जमिनीतली ओल क्षार घेऊन दगडात वर चढते आणि वाळताना पृष्ठभागाच्या आत स्फटिक धरून तो फोडते. खाली १५ ते २० सेंटीमीटर जाडीचा पाया, त्यावर ओल अडवणारा थर, त्यावर दगडी चौथरा, आणि चौथऱ्याच्या माथ्याला बाहेरच्या बाजूला हलका उतार. मूर्ती आणि चौथरा यांच्यात शिशाच्या पातळ चकत्या आणि चुन्याचा मऊ गिलावा घाला, सिमेंट नको. सिमेंटमधले क्षार पांढऱ्या दगडात उतरतात आणि पुढे मूर्ती सोडवायची वेळ आली तर तळ तुटून येतो. मधोमध १२ मिलिमीटरची स्टेनलेस खुंटी, दोन्हीकडे ८ ते १० सेंटीमीटर आत. ४०-५० किलोंच्या मूर्तीला एवढं पुरतं. जागा कारंज्यापासून इतकी लांब ठेवा की वाऱ्याच्या दिवशीही तुषार पोचणार नाहीत. झाडाखाली ठेवू नका. कुजक्या पानांचा रस तपकिरी डाग पाडतो आणि पाखरांची शीट दगडाला खाते. वस्त्राच्या घोळात पाणी साचतं का, हे पहिल्या पावसात जाऊन बघा. वरून चकचकीत सीलरचा थर देण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. आत गेलेली ओल त्या थराखाली अडकते.

जिन्याच्या चौकात पोकळ व्हीनस ठेवणार असाल तर प्रश्न वजनाचा नसून पडण्याचा आहे. मूर्ती हलकी आणि उंच, त्यात येणाऱ्या-जाणाऱ्याचा खांदा लागण्याची जागा. चौथरा मूर्तीपेक्षा जड हवा. लाकडी पोकळ चौथरा असेल तर त्याच्या तळाशी वाळूच्या पिशव्या ठेवा आणि मूर्ती खुंटीने चौथऱ्याला जोडा. चौथरा ९० ते ९५ सेंटीमीटरचा घेतला की चेहरा नजरेच्या किंचित वर येतो, तो या चेहऱ्याला शोभतो. दिवा एकच, वरून, एका बाजूने, साधारण ४५ अंशांत. समोरून प्रखर उजेड टाकला की सगळ्या चुण्या सपाट होतात.

मूर्ती येईल त्या दिवशी तिला मानेला किंवा दंडाच्या खुंटाला धरून कोणालाही उचलू देऊ नका. पट्टा कमरेखाली आणि बैठकीखाली. खोका उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा.

आता तुमचा जुना अपोलो. गालावरची गेलेली चमक म्हणजे मळ नाही. लिंबातल्या आम्लाने झिलईचा वरचा थर विरघळवला आहे. तो धुऊन परत येत नाही. फरशीवाले ४०० पासून ३००० नंबरपर्यंतचे पाणकागद फिरवून झिलई परत आणतात, पण फरशी सपाट असते. गालावर कागद फिरवला की ओठांची कड आणि नाकपुडीची रेघ पुसट होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९३७-३८ साली अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पांना 'पांढरं' करण्यासाठी तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडम या कठीण घासदगडाने खरवडलं गेलं. तो गेलेला पृष्ठभाग आजही परत आलेला नाही. आणि ज्या पांढरेपणासाठी हे केलं, तो मूळ ग्रीक मूर्तींचा नव्हताच, त्या रंगवलेल्या असत. गालाची मंद झालेली जागा तशीच राहू द्या.

पिवळेपणाचं बघू. आधी तो दगड आहे याची खात्री करा, वर सांगितलेल्या खुणांनी. रेझिन असेल तर पिवळेपणा त्याच्या अंगचाच आहे, तिथे पुढचं काही करू नका, आणि अॅसिटोन तर मुळीच लावू नका, पृष्ठभाग चिकट होईल.

दगड असेल तर पहिल्यांदा कोरडी सफाई. मऊ केसांचा ब्रश घ्या, त्याच्या धातूच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे ओरखडा उठणार नाही, आणि सुटलेली धूळ व्हॅक्यूमच्या नळीत ओढून घ्या. धूळ न काढता ओला हात फिरवला तर तीच धूळ पातळ चिखल होऊन रंध्रांत बसते. मग एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात उदासीन (म्हणजे आम्लधर्मी नाही आणि अल्कधर्मीही नाही अशा) द्रव साबणाचे तीन-चार थेंब. कापसाचे बोळे या पाण्यात भिजवून पिळून घ्या आणि तळहाताएवढा भाग घेऊन काम करा, खालून वर. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या दगडात शोषले जातात आणि त्यांच्या रेघा राहतात. बोळा घासायचा नाही, लोळवायचा. मळला की फेकायचा. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसून मूर्ती दोन दिवस वाळू द्या. ओला संगमरवर नेहमी जास्त पिवळट दिसतो, म्हणून वाळण्याआधी निकाल लावू नका.

दोन दिवसांनी नीट बघा. पिवळा रंग नाक, हनुवटी, डोकं अशा हात लागणाऱ्या जागीच असेल तर तो तेलकटपणा आहे आणि त्याला लेप चालतो. पांढरी केओलिन माती किंवा पांढऱ्या टिपकागदाचा लगदा अॅसिटोनमध्ये दह्याइतका घट्ट कालवा. खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नाही, हातात योग्य मोजे. आधी पाठीमागे, तळाजवळ, नाण्याएवढ्या जागी करून बघा. बरं वाटलं तर डागावर ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा थर द्या, कडा डागाच्या थोड्या बाहेर न्या, वर प्लॅस्टिक झाका. २४ तासांनी प्लॅस्टिक काढा आणि लेप पूर्ण सुकू द्या. खरं काम सुकताना होतं, तेव्हा तेल दगडातून लेपात ओढलं जातं. ओला असतानाच खरवडला तर मेहनत वाया जाते. सुकलेला लेप लाकडी पट्टीने उचला, जागा पुसून घ्या. गरज पडली तर आणखी एकदा, त्याहून जास्त नाही.

डाग तांबूस-तपकिरी आणि एखाद्या सांध्यापासून निघालेला असेल तर तो गंज आहे. बाजारात मिळणारी गंज घालवणारी बहुतेक द्रवं आम्लाची असतात, त्यांना हात लावू नका. आत लोखंडी खुंटी आहे का हे शिल्पसंवर्धकाकडून बघून घ्या, कारण खुंटी तशीच ठेवून डाग काढला तर तो परत येईल. आणि पिवळेपणा सगळीकडे एकसारखा, पाठीवर, कानामागे, तळाशीसुद्धा असेल, तर तो एकतर जुन्या मेणाचा थर आहे किंवा दगडाचं वय. कानामागे व्हाइट स्पिरिटचा (रंग पातळ करायच्या खनिज टर्पेंटाइनचा) एक बोळा लोळवून बघा. बोळा पिवळा झाला तर मेण आहे, आणि ते त्याच पद्धतीने, तळहाताएवढा भाग घेत, हळूहळू काढता येईल. बोळा पांढराच राहिला तर अपोलोला त्याच्या रंगात राहू द्या.